दिवा दोनदा मिचकावला

"पुन्हा पहिल्यापासून," चिमी म्हणाली. टेबलावरची बटाट्यांची परात तिनं ताईकडे सरकवली आणि आपली फाईल मध्ये मांडली. "आणि आत्या, आता मी तुझी भाची नाही. मी त्या कोल्ड स्टोरेजवाल्या बाईंची वकील. उलटतपासणी घेतेय. मला बाळ म्हणायचं नाही."

"बरं बाळ," आत्या म्हणाली.

काका खो खो हसले. दादा हसले नाहीत. सुनावणी उद्या सकाळी होती आणि लायसन्स दादांच्या नावावर होतं, तेव्हा हसायचं काम त्यांनी धाकट्या भावावर सोपवलेलं दिसत होतं.

रविवारची दुपार होती. काका आणि त्यांची ही वकील लेक सकाळीच शहरातून आले होते. जेवणं आटोपली होती, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी दादांची लेक, म्हणजे ताई, टेबलाच्या एका टोकाला बटाटे सोलत बसली होती. तिचा नवरा दाराजवळच्या स्टुलावर होता. लग्न झाल्यावर तो ह्याच घरात राहायला आला आणि ह्याच पॉवरहाउसात कामाला लागला, त्यामुळे काका त्याला 'जावईबापू' म्हणायचे ते निम्मं कौतुकानं आणि निम्मं चिडवायला. जावईबापूंना दोन्ही चालायचं. माणूस मुळात अबोल.

घर उतारावर आणि पॉवरहाउस त्याच्या बरोबर खाली, नदीच्या कडेला. शेजारच्या जाळीघरात फांद्या-कचरा अडवून पाणी टर्बाइनवर जायचं, आणि गेट पाडलं की ते पाणी अडून मशीन थांबायचं. टर्बाइन चालू असलं की कपाटातल्या कपबश्या बारीक किणकिणायच्या. पाहुण्यांना त्यानं झोप यायची नाही. घरच्यांना किणकिण थांबली की जाग यायची.

"वादळाच्या त्या दुपारी ड्यूटीवर कोण होतं?" चिमीनं वकिली आवाज काढला.

"मीच की. तू काय मला ओळखत नाहीस?"

"आत्या!"

"बरं, बरं. मी होते."

"मशीन बंद करण्याआधी तुम्ही काय केलंत?"

"डोळा मारला."

चिमीनं कपाळाला हात लावला. "उद्या आयोगापुढं असं बोललीस तर अध्यक्षबाई मला बाहेर काढतील."

डोळा मारणं म्हटलं की इतर घरांत आयाबाया कान टवकारतात. ह्या घरात ते एका कामाचं नाव होतं. दादा, आत्या आणि काका ह्या तिघांच्या वडिलांनी, आप्पांनी, नदीवर पहिलं टर्बाइन बसवलं तेव्हापासूनची ही रीत. मशीन बंद करायचं असेल तर आधी व्होल्टेजचं हँडल दोनदा खाली-वर करायचं. सगळ्या खोऱ्यातले दिवे दोनदा मंद व्हायचे, जसा एखाद्यानं डोळा मिचकावावा तसे. मग जरा दम धरायचा आणि मगच बंद करायचं. तेवढ्यात न्हावी गिऱ्हाईकाच्या गालावरून वस्तरा उचलून घ्यायचा, दवाखान्यात कंदील बाहेर निघायचा, जिन्यात असलेला माणूस जिना उतरून मोकळा व्हायचा. खोऱ्यात जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नव्हतं. म्हणूनच बाहेरून आलेल्यांना सांगायचं कुणाला सुचलंही नाही.

कोल्ड स्टोरेज नवं होतं. वादळाच्या दुपारी दिव्यांनी डोळा मारला, तिथला कॉम्प्रेसर दोनदा अडखळला आणि जळून गेला. बाईंनी वीज आयोगाकडे तक्रार केली. आयोगानं दादांना विचारलं, की ठरवून व्होल्टेज पाडणाऱ्या माणसांकडे लायसन्स का ठेवावं आणि हे खोरं मोठ्या कंपनीकडे का देऊ नये? त्याचं उत्तर उद्या द्यायचं होतं. नाही देता आलं, तर आप्पांनी सुरू केलेलं मशीन उद्यापासून ह्या घराचं नव्हतं.

"हे बघ," चिमी आत्याला म्हणाली, "जाळीत माणूस अडकला होता. असल्या तातडीच्या वेळी न सांगता वीज बंद करायची कायद्यात मुभा आहे. तू सरळ गेट पाडलं असतंस तर केसच उभी राहिली नसती. तू आधी खोऱ्याला कळवलंस ना, तिथं घोटाळा झाला. व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करणं हा भंग आहे."

"म्हणजे न सांगता निघून गेलं तर चालतं, आणि सांगून गेलं तर शिक्षा?"

"बरोबर."

"कुणी गं केला हा कायदा?"

"ह्या घरात न राहिलेल्या माणसांनी," चिमी म्हणाली.

काकांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी उभं आयुष्य मोठ्या कंपनीच्या ऑफिसात काढलेलं, त्यामुळे कोर्टकचेरी म्हटलं की त्यांना कंठ फुटायचा. "साधी गोष्ट आहे. व्होल्टेज सांभाळणारं ते जुनं यंत्र आहे ना, ते वादळात बिघडलं म्हणायचं. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा आदेश निघतो, माणसानं मुद्दाम केलं म्हटलं की लायसन्स जातं. मी शेकडो फायली बघितल्यात."

चिमीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाबा, मी हे ऐकलेलं नाही. माहीत असून खोटी साक्ष उभी केली तर माझी सनद जाईल. मी चहा करायला चालले."

"तुला कुठं येतो चहा?"

"म्हणूनच वेळ लागेल," चिमी म्हणाली आणि आत गेली.

आता सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं काका 'विकून टाक' म्हणत आले होते आणि दादा 'माझ्या जिवंतपणी नाही' म्हणत आले होते. दादांनी कधी कुणाचं मीटर चुकीचं वाचलं नाही. वीजबिलात चूक झाली तर स्वतः दारात जाऊन दुरुस्त करून येणारा हा माणूस. ते काकांना झापणार अशीच सगळ्यांची खात्री होती.

दादांनी चष्मा काढला. "एकदाच म्हण, बाई," ते आत्याला म्हणाले. "एवढं एकदाच. यंत्र बिघडलं होतं म्हण."

ह्या दोघा भावांचं एकमत झालेलं घरानं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. झालं ते नेमकं ह्यावर.

"दादा, तू सांगतोयस हे?" आत्या म्हणाली.

"मीच सांगतोय. रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या. आप्पांनी जाताना हे माझ्या हातात दिलं. मी कुणाच्या हातात देऊ? आयोगाच्या?"

"लायसन्सच गेलं तर विकायलासुद्धा काही उरत नाही," काका म्हणाले. "ह्या पोरांनी मग कुठं जायचं?"

"आत्या, म्हण ना गं," ताई बटाटा सोलता सोलता बोलली. "यंत्राला कुठं वाईट वाटणार आहे?"

आत्यानं ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. त्या वादळाला आता काही महिने झाले होते. त्या दिवसापासून ह्या घरातला पहिला कप चहा आत्याला मिळत होता. आधी दादांना मिळायचा. ताई काही बोलायची नाही, फक्त कप आणून हातात द्यायची आणि खांद्यावर हात ठेवून जायची. आत्यानं मशीन थांबवलं म्हणून आपला नवरा घरी आला, एवढं तिला माहीत होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं. आत्याच्या घशाखाली तो चहा उतरायचा नाही. त्या दिवसापासून ती ड्यूटीवरही गेली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून सांगायची, आणि पुढच्या क्षणी माळ्यावरचं काही काढायला शिडीवर चढायची.

चिमी ट्रे घेऊन आली. चहाचा रंग बघून काकांनी आपला कप हळूच कुंडीजवळ नेऊन ठेवला.

"तुमचं काय ठरलं ते मला सांगू नका," चिमी म्हणाली. "मी फक्त प्रश्न विचारते. समोरची वकील विचारेल तेच आणि तसेच. तयार?" तिनं फाईल उघडली. "जाळीघरातली घंटा वाजली. ती कोण वाजवतंय हे तुम्हांला माहीत होतं?"

"दुसरं कोण? वादळात फांद्या अडकल्या होत्या, त्या काढायला जावईबापू उतरले होते."

"घंटा वाजवायचा अर्थ काय?"

"माणूस अडचणीत आहे. पाणी थांबवा."

"म्हणजे खाली माणूस पाण्यात अडकलाय, हे तुम्हांला माहीत होतं."

"होतं."

"तरीसुद्धा तुम्ही गेट पाडलं नाही. आधी व्होल्टेज दोनदा खाली-वर केलंत. माणूस पाण्यात असताना तुम्ही..."

चिमीचं वाक्य तिथंच राहिलं. इतके दिवस ती ह्या प्रश्नाकडे फक्त कायद्याच्या बाजूनं बघत होती. आता तो प्रश्न तिच्या स्वतःच्या कानांवर पडला. तिनं ताईकडे पाहिलं. ताईच्या हातातली सुरी थांबली होती.

"आत्या?" ताई म्हणाली.

आत्यानं मान वर केली. "हो. हात आधी तिकडंच गेला. जन्मभराची सवय गं. मशीन बंद करायचं म्हटलं की हात आधी हँडलवर. मला कळलं तोवर दोनदा झालं होतं. मग मी धावले आणि गेट पाडलं."

"हे पाण्यात होते. आणि तू खोऱ्याला कळवत बसलीस?"

"ताई, हळू," दादा म्हणाले.

"का हळू? न्हाव्यानं वस्तरा उचलावा म्हणून माझा नवरा पाण्यात ठेवला हिनं! आणि मी हिला रोज पहिला चहा देतेय!" ताईचा आवाज फाटला. "सांगू दे उद्या खरं. सगळ्यांना कळू दे एकदा. गेलं लायसन्स तर गेलं."

"आता तर अजिबातच सांगता येणार नाही," काका पुटपुटले.

दादांना वाटलं, घर आपल्या डोळ्यांदेखत दुभंगतंय आणि आपण हातात चष्मा धरून बसलोय. एका बाजूला बहीण, एका बाजूला लेक. कुणाची समजूत काढावी? आत्या तर अशी बसली होती, की जे बोललं जाईल ते तिला मान्यच होतं. ती स्वतःची बाजू घेत नव्हती हेच दादांना बघवेना. लहानपणी पाटीवरचं गणित चुकलं तरी सगळ्या घराशी भांडणारी ही पोरगी.

"मी बोललो तर चालेल का?" दारातून आवाज आला.

सगळे वळले. जावईबापू उभे राहिले होते, आणि बघत होते चिमीकडे.

"मला काय विचारताय?"

"तुम्हीच फोनवर बजावलं होतंत. सुनावणी होईपर्यंत त्या दिवसाबद्दल कुणी आपापसांत एक शब्द काढायचा नाही म्हणून. मी तेव्हापासून गप्प."

"तुम्ही तसेही गप्पच असता हो," काका म्हणाले.

"बोला," चिमी म्हणाली. "लवकर बोला."

जावईबापू किंचित लंगडत टेबलापाशी आले आणि आत्याच्या समोर बसले. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे पहिली काही वाक्यं त्यांनी टेबलालाच सांगितली.

"मी एकटा उतरलो होतो. बेल्ट लावला नव्हता. दादांनी किती वेळा सांगितलं होतं, जाळीघरात दोघांशिवाय जायचं नाही. मला वाटलं, दोन फांद्या तर काढायच्यात. फांदी ओढताना पाय घसरला आणि जाळीच्या दोन गजांमध्ये अडकला. मशीन चालू, त्यामुळे पाणी नुसतं जाळीकडे ओढत होतं. एका हातानं शिडी धरली, दुसऱ्यानं घंटेची दोरी ओढली. पण घंटा वाजते वर मशीनपाशी. तिथं पाण्याच्या आवाजात काही कळत नाही. आणि घंटेची तार तुटली होती, ती आदल्याच आठवड्यात मी स्वतः जोडली होती. मला माझ्या त्या जोडावर भरवसा नव्हता."

ताईनं सुरी खाली ठेवली.

"पाणी इथवर आलं." त्यांनी हनुवटीला हात लावला. "मला वाटलं, कुणी ऐकलेलं नाही. आता शिडी सोडायची आणि दोन्ही हातांनी पाय ओढून काढायचा. सोडणारच होतो. सोडली असती तर खाली गेलो असतो, हे आता कळतंय. तेव्हा डोकं चालत नव्हतं. आणि तेवढ्यात जाळीघरातल्या बल्बनं डोळा मारला."

आत्या खुर्चीत पुढं सरकली.

"दोनदा," जावईबापू आत्याला म्हणाले. "म्हणजे आत्यांनी ऐकलं. म्हणजे आता मशीन थांबणार. आता काही करायचं नाही, फक्त धरून राहायचं. मी शिडीला असा चिकटलो, की नंतर दादांना माझी बोटं सोडवावी लागली. नुसता अंधार झाला असता ना आत्या, तर मला वाटलं असतं, वादळानं तार तुटली. मग मी हात सोडलाच असता. तुम्ही मला कळवलंत म्हणून मी राहिलो. मला रोज वाटतं तुमचे पाय धरावेत. पण चिमीताईंनी बोलायची बंदी घातलेली."

"मी असं नव्हतं सांगितलं," चिमी म्हणाली.

"हनुवटीपर्यंत?" ताई उभी राहिली. "मला काय सांगितलंत तुम्ही? 'थोडा पाय अडकला होता.' थोडा!"

"तुला सांगितलं असतं तर तू बटाटा फेकून मारला असतास."

ताईनं बटाटा फेकला. तो काकांना लागला.

काकांनी तो शांतपणे उचलून परातीत ठेवला. एरवी त्यांनी ह्यावर आठवडाभर पुरेल एवढी थट्टा केली असती. पण त्यांना एकाएकी परीक्षेच्या दिवसांतलं ते टेबल आठवलं होतं, हेच टेबल, आणि पुस्तकावर मंद होणारा दिवा. एकदा, दोनदा. मग पुस्तकात बोट ठेवून ते कंदील लावायला उठायचे. खाली आप्पा आहेत आणि आपण अभ्यास करतोय हे आप्पांना ठाऊक आहे, असं त्यांना तेव्हा वाटायचं. पुढं मोठ्या कंपनीत गेल्यावर वीज गेली की नुसती जायची. का गेली, कुणी घालवली, हे ऑफिसात बसलेल्या काकांनाही कळायचं नाही.

"उद्या गाडी मी काढतो," ते म्हणाले. "दादा, तू मागं बस आणि झोप काढ जरा."

"आणि यंत्र बिघडल्याचं?"

"कुठलं यंत्र?" काका म्हणाले.

दादा उठून बहिणीजवळ गेले. त्यांना मोठं बोलता येत नसे, आणि आत्तापर्यंत घरात कधी तशी गरजही पडली नव्हती. "बाई," ते म्हणाले, "माझा जावई तू परत दिलास, आणि मी तुला खोटं बोलायला सांगत होतो. तुझे उपकार आहेत माझ्यावर. मला माफ कर."

"उपकार कसले, दादा? हात गेला सवयीनं. मला कुठं ठाऊक होतं तिथला बल्ब दिसतोय की नाही?"

"सवय कुणी लावली? आप्पांनीच ना? मग त्यांचेही उपकार," दादा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

चिमी मात्र फाईलवर झडप घालून पानं उलटत होती. "खाली काम करणाऱ्या माणसाला इशारा दिल्याशिवाय मशीनला हात लावू नये. सुरक्षेच्या नियमांतच आहे हे! मी आजवर ग्राहकाच्याच बाजूनं वाचत होते." मग ती थांबली. "पण जावईबापू, तुम्हांला साक्षीला यावं लागेल. एकटा उतरलो, बेल्ट नव्हता, हे सगळं सांगावं लागेल. ऑपरेटरचा परवाना काही काळ जाईल तुमचा."

"जाऊ दे की," जावईबापू म्हणाले. "मी आहे ना."

"आणि त्या बाईंचा कॉम्प्रेसर जळला, हेही खरंच आहे," आत्या म्हणाली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज पहिल्यासारखा लागला. "उद्या तिच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही कुणी. ती नवीन आली तेव्हा आपण जाऊन सांगायला हवं होतं. इथं अशी रीत आहे हे तिनं कुठून ओळखावं?"

ताई आत्याकडे बघतही नव्हती. आपण काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवत होतं, आणि त्यातलं एकही परत घेता येत नव्हतं. तिनं परात उचलली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आयोगाच्या त्या उंच छताच्या खोलीत आत्यानं 'डोळा मारला' असंच सांगितलं. चिमीनं डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी आधी वर पाहिलं, मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "नीट समजावून सांगा." आत्यानं न्हाव्यापासून सुरुवात केली. जावईबापूंनी टेबलाकडे बघतच सगळं सांगितलं, बेल्ट न लावल्याचंही. ते बोलत असताना कोल्ड स्टोरेजवाल्या बाई आपल्या वकिलाच्या कानाशी लागल्या, आणि त्यांच्या वकिलानं पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात आत्याजवळ आल्या. "मला माणसाचं काही कळलेलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या.

"आणि आम्ही तुम्हांला तुमच्या मशीनचं काही विचारलं नव्हतं," आत्या म्हणाली. "चूक आमची आहे."

आदेश त्याच दिवशी वाचून दाखवला, हे चिमीच्या मते नवलच होतं. लायसन्स दादांकडे राहिलं. कॉम्प्रेसर दुरुस्त करून द्यायचा होता. जावईबापूंचा परवाना काही महिन्यांसाठी काढून घेतला. खोऱ्याच्या लाइनवर व्होल्टेज खाली-वर करायला कायमची बंदी घातली, आणि मशीन बंद करायचं असेल तर आधी फोनवर संदेश पाठवायचा असं ठरलं. जाळीघरातल्या दिव्याला मात्र वेगळं बटण बसवायचं आणि मशीन थांबवण्याआधी तो दोनदा मिचकावायचा, हे आयोगानं सक्तीचं केलं. दादांनी अध्यक्षबाईंचे इतक्यांदा आभार मानले, की त्यांना हात वर करावा लागला. "आभार पुरे," त्या म्हणाल्या. "त्यांना बेल्ट लावायला सांगा."

नवं बटण बसलं त्याच आठवड्यात जाळी साफ करायची पाळी आली. जावईबापू घरी बसलेले, आणि दादा बदली ऑपरेटरला घेऊन जाळीघरात उतरणार होते, दोघेही बेल्ट लावून. मशीनवर बसायला कुणी उरलं नव्हतं.

"गुडघे बरे झाले वाटतं?" पायऱ्या उतरणाऱ्या आत्याला काकांनी विचारलं. ते परत जायचं सोडून अजून मुक्कामाला होते.

"तू तुझं बघ," आत्या म्हणाली.

दिवेलागणीची वेळ होती. चिमीनं लिहून ठेवलेला संदेश दादांनी सगळ्या खोऱ्याला पाठवला होता. सविनय, शुद्ध, पूर्णविरामासकट. आत्यानं नवं बटण दोनदा दाबलं आणि जाळीघरात दिवा मिचकावला. मग तिचा उजवा हात आपसूक व्होल्टेजच्या हँडलवर गेला. तिनं तो मागं घेतला. हे म्हणजे खोऱ्याला न सांगताच उठून जाण्यासारखं, असं तिला वाटलं. संदेश पोचले होते, सगळ्यांना माहीत होतं, तरी तिला कसंसंच झालं. खिडकीतून खोऱ्यातले दिवे दिसत होते, आणि उतारावर आपलं घर.

ताई त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. चहाचा पहिला कप येत होता, पण टेबलावर ठेवलेला, हातात दिलेला नाही. रागानं नव्हे, हे आत्याला समजत होतं. पोरगी शरमली होती आणि सुरुवात कुठून करावी हे तिला उमगत नव्हतं.

आत्यानं गेटच्या दांड्याला हात घातला. तेवढ्यात वर घरातला स्वयंपाकघराचा दिवा विझला आणि लागला. पुन्हा विझला आणि लागला. खिडकीत ताई उभी होती, बटणावर हात ठेवून, पॉवरहाउसकडे बघत.

"गधडे," आत्या म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, नीट पुसले, आणि मग गेट पाडलं.